पैशाचं गणित मुलांना शिकवायचं, पण आम्हा शिक्षकांना ते कोण आणि कसं शिकवणार?

गणिताच्या_बाई (ठाणे)

गेल्या महिन्यात आर्थिक साक्षरतेचं दोन दिवसांचं प्रशिक्षण करून आले. शाळेत त्यावर बोलून झालं, घरी बोलून झालं, तरी मन स्वस्थ बसेना म्हणून इथे लिहिते आहे. लांबेल. शिक्षक, पालक, बँकेतली मंडळी, जे कोणी वाचाल त्यांनी मोकळेपणी लिहा. मला या धाग्यातून काहीतरी हाती घेऊन वर्गात जायचं आहे.

मी लोकमान्यनगरच्या बाजूला मराठी माध्यमाच्या एका अनुदानित शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवते. 'शाळेत पैशाबद्दल काहीच शिकवत नाहीत' असं म्हणायची आपल्याकडे पद्धत पडली आहे. तसं म्हणणाऱ्यांनी बालभारतीची पुस्तकं उघडून बघावीत. सातवीत बँक आणि सरळव्याज आहे, आठवीत चक्रवाढ व्याज. नववीत 'अर्थनियोजन' नावाचं अख्खं प्रकरण आहे, त्यात बचत, गुंतवणूक आणि आयकर. दहावीच्या गणित भाग १ मध्ये पुन्हा 'अर्थनियोजन', त्यात जीएसटी, शेअर्स, दर्शनी किंमत, बाजारभाव, दलाली, म्युच्युअल फंड, एसआयपी. २०१८ पासून दरवर्षी मी हे शिकवते. मुलं त्यात मार्कही चांगले काढतात.

तीन वर्षांपूर्वी चक्रवाढ व्याजाचा तास संपल्यावर एक मुलगा टेबलापाशी रेंगाळला. सगळे गेल्यावर म्हणाला, "बाई, शेकडा दहा म्हणजे जास्त का कमी?" मी विचारलं, "दर साल?" तो म्हणाला, "ते नाही माहीत. आईने घेतलेत. दर महिन्याला न्यायला येतात."

महिन्याला शेकडा दहा म्हणजे वर्षाला १२० टक्के. या मुलाने माझ्यासमोर सरळव्याजाची ढीगभर गणितं बिनचूक सोडवली होती. पण पुस्तकातल्या प्रत्येक गणितात 'द.सा.द.शे.' छापलेलं असतं, आणि त्याच्या घरात आलेल्या व्याजाला 'साल' हा शब्दच नव्हता. शेतकरी नसलेल्या कर्जदाराकडून परवानाधारक सावकाराला वर्षाला किती व्याज घेता येतं हे २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सरकारने ठरवून दिलेलं आहे: तारण असेल तर १५ टक्के, नसेल तर १८. त्या दिवशी मला हे ठाऊक नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "खूप जास्त आहे रे." तो मान हलवून गेला. त्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याला मिळालं, पण ज्यासाठी तो थांबला होता ते मिळालं नाही.

दुसरी गोष्ट माझ्या हातून घडलेली आहे आणि ती लिहिताना अजून जड जातं. नववीच्या वर्गाला मी गृहपाठ दिला होता, 'आपल्या घरचं महिन्याचं अंदाजपत्रक लिहून आणा.' एका प्रशिक्षणाच्या पुस्तिकेतलाच उपक्रम होता तो. दुसऱ्या दिवशी पाच-सहा जणांनी अगदी सारखे आकडे आणले, म्हणजे एकमेकांचं बघून. एक मुलगी दोन दिवस आलीच नाही. नंतर कळलं की वडिलांच्या रिक्षाचे हप्ते थकले होते आणि त्याच आठवड्यात रिक्षा ओढून नेली होती. घरी बसून 'उत्पन्न' या शब्दापुढे तिने काय लिहायचं होतं? मी तिच्या आईला भेटले, माफी मागितली. आई म्हणाली, "तुम्हाला काय माहीत बाई." मला माहीत असायला हवं होतं. वर्गात बसलेल्या निम्म्या घरांत कसलं ना कसलं देणं असतं, हे मला कळायला हवं होतं.

आता गेल्या महिन्याच्या प्रशिक्षणाबद्दल. व्याख्याते अभ्यासू होते, यात शंका नाही. योजना, त्यांचे व्याजदर, वयाच्या अटी, महागाई, विम्याचे प्रकार, निवृत्तिवेतन, सगळं पडद्यावर दाखवलं. आम्ही साठ जण होतो, वह्या भरून घेतल्या. पण दोन दिवसांत एकदाही कुणी विचारलं नाही की तुमच्या वर्गात कोण बसतं. आणि दुसरं म्हणजे, तुम्हाला स्वतःला यातलं किती जमतं, हेही विचारलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही सहा-सात जणी डबा उघडून बसलो होतो. मी सहज म्हटलं, मला माझ्या पगारपत्रकातल्या सगळ्या कपाती समजत नाहीत. क्षणभर शांतता, आणि मग एकेक जण बोलायला लागली. मी २००७ मध्ये लागले, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ नंतरची, म्हणून मला जुनी पेन्शन नाही. एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत, पगारातले माझे १० टक्के आणि सरकारचे १४ टक्के जातात. ते पैसे कुठल्या फंडात आहेत ते मी कधी उघडून पाहिलं नव्हतं. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी शिक्षकखोलीत आलेल्या एका एजंटकडून मी विमा घेतला, वर्षाला २४,००० रुपये, २० वर्षं. शेवटी हातात साधारण साडेआठ लाख येतील असा अंदाज आहे. चक्रवाढ व्याज शिकवणारी मी, त्याचा परतावा किती टक्के पडतो हे काढायला मला १५ वर्षं लागली. सव्वापाच टक्क्यांच्या आसपास येतो. आणि विम्याचं कवच म्हणाल तर घर चालवायला अपुरं.

माझं म्हणणं असं आहे की आर्थिक साक्षरतेचं शिक्षक-प्रशिक्षण पडद्यावरच्या योजनांपासून सुरू होऊ नये. ते शिक्षकाच्या स्वतःच्या पगारपत्रकापासून सुरू व्हावं. ज्याने स्वतःचं देणं-घेणं एकदा कागदावर मांडलं आहे आणि ते मांडताना जीव कसा कानकोंडा होतो ते अनुभवलं आहे, तोच वर्गात मुलांना न दुखावता पैशाबद्दल बोलू शकेल. तुम्हाला काय वाटतं?

---

घणसोलीचे_मास्तर

बाई, अंदाजपत्रकाचा गृहपाठ मीही दिला आहे. आता देणार नाही.

मी नवी मुंबईत महापालिकेच्या शाळेत सहावी-सातवीला आहे. आमची मुलं रबाळे, महापे एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांची, काहींचे वडील नाक्यावर उभे राहतात. नाक्यावरच्या माणसाला महिन्याचं उत्पन्न नसतं, दिवसाची मजुरी असते, आणि पावसाळ्यात तीही नाही. पुस्तिकेतलं अंदाजपत्रक मात्र '१ तारखेला पगार' असं धरून चालतं. तिथेच मुलाला वाटतं की हे आपल्यासाठी नाही.

वेळेचंही सांगतो. बीएलओचं म्हणजे मतदारयादीचं काम, यू-डायस या सरकारी नोंदणीसाठी शाळेची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, सर्वेक्षणं. त्यात 'आता आर्थिक साक्षरता' म्हटलं की शिक्षक आधी घड्याळाकडे बघतो. नवा विषय, नवा तास, नवी वही नको. आहे त्या सरळव्याजाच्या धड्यातच हे बसवता आलं पाहिजे, आणि प्रशिक्षणाने नेमकं तेवढंच करून दाखवावं: हे पान, हे गणित, ते असं बदला.

---

कोपरीकर

मी राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालो. ३४ वर्षं नोकरी, त्यातली बरीच शाखाधिकारी म्हणून. बाईंनी लिहिलेलं मनाला लागलं.

रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक साक्षरता सप्ताहात आम्हीही शाळांत जायचो. खरं सांगतो, पाऊण तास बोलायचो, त्यातला अर्धा वेळ खाती उघडण्यावर. मुलं टाळ्या वाजवायची. तेवढ्याने काही होत नाही हे मला तेव्हाही जाणवायचं, पण पुढच्या वर्षी पुन्हा तेच व्हायचं.

शिक्षकांनी एक गोष्ट आधी स्वतः पक्की करावी आणि मग मुलांना सांगावी असं मला कळकळीने वाटतं. बँकेतल्या ठेवींना ५ लाखांपर्यंत विमासंरक्षण आहे, मुद्दल आणि व्याज मिळून, एका बँकेत एका ठेवीदाराला. ४ फेब्रुवारी २०२० पर्यंत ही मर्यादा १ लाखच होती. सहकारी बँकांनाही ते लागू आहे. पण पतसंस्थेला, पतपेढीला लागू नाही. आपल्याकडे 'बँक' आणि 'पतपेढी' हे शब्द लोक एकाच श्वासात वापरतात. निवृत्तीचा सगळा पैसा एका पतसंस्थेत ठेवून दारात चकरा मारणारे शिक्षक मी माझ्या शाखेत पाहिले आहेत. हा फरक सातवीच्या मुलालाही पाच मिनिटांत कळतो.

वर्गात यायला मी केव्हाही तयार आहे.

---

गणिताच्या_बाई

कोपरीकर काका, मनापासून आभार. हे वाचून मी आत्ताच आमच्या पतपेढीची पावती काढून बघितली. ठेवीचा विमा असतो असं मी धरूनच चालले होते.

वर्गात जरूर या, पण एकटे बोलायला नको. बँकेतल्या माणसाला विषय येतो, वर्ग शिक्षकाला कळतो. तुम्ही आणि मी मिळून एक तास घेऊ. मुलाने विचारलं आणि मला येत नसेल तर तुम्ही सांगाल. मुलाने विचारायचंच टाळलं तर तो का गप्प आहे ते मला कळेल.

---

तळ्याकाठी

वेगळं मत मांडतो, राग मानू नये.

ज्या बाईने शेकडा दहाने पैसे घेतले तिला व्याज कळत नव्हतं म्हणून घेतले का? मला नाही तसं वाटत. तिला त्या दिवशी दवाखान्यात भरायला पैसे हवे असतील आणि दुसरं कुणी उभं करत नसेल. तिला टक्केवारी शिकवून काय होणार? 'साक्षर करा' म्हणताना आपण नकळत असं सुचवतो की माणसं गरीब आहेत कारण त्यांना हिशेब येत नाही. माझी आई चौथी शिकलेली. कळव्याच्या चाळीत तिने पाच जणांचा संसार ज्या हिशेबाने चालवला तो मला आजही जमणार नाही. शिक्षकांनी मुलांना भाषा, विज्ञान, गणित नीट शिकवावं. पैशाचं शहाणपण घरातून येतं.

---

माथाड्याची_लेक

तळ्याकाठी, तुमचं पहिलं म्हणणं मला पटतं आणि दुसरं अजिबात नाही.

माझे वडील तुर्भ्याच्या बाजारात माथाडी. आईने बचत गटही चालवला आणि भिशीही. दहा बायका, महिन्याला हजार, दर महिन्याला एकीला दहा हजार. ती भिशी एकदाही बुडाली नाही. हिशेब आमच्या घरात होता. आणि 'वडापाव सोडा, रोजचे वीस रुपये वाचवा' असं शिकवणाऱ्यांचा मलाही संताप येतो. दुपारचं जेवणच वडापाव आहे त्या मुलाला हे सांगू नये. प्रशिक्षणात सगळ्यात आधी हे उदाहरण काढून टाका, एवढी माझी विनंती आहे.

पण आईचा हिशेब रोखीचा होता, ओळखीच्या माणसांचा होता. माझा भाऊ अकरावीत असताना त्याला कॉलेजबाहेर एकाने सांगितलं, "तुझं बँकेचं खातं आणि सिमकार्ड महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो." त्याने दिलं. त्या खात्यातून फसवणुकीचे पैसे फिरले. पोलीस आमच्या दारात आले, कारण खातं त्याच्या नावावर होतं. वडिलांची तीन वर्षं आणि आमची सगळी शिल्लक त्यात गेली. आईच्या कुठल्याही शहाणपणाने हे थांबलं नसतं, कारण तिला असं काही असतं हेच माहीत नव्हतं. कुणा सरांनी, बाईंनी वर्गात एकदा जरी म्हटलं असतं की आपलं खातं दुसऱ्याला वापरायला देणं हा गुन्हा ठरू शकतो, तर माझ्या भावाने ऐकलं असतं. तो सरांचं ऐकायचा.

---

तळ्याकाठी

वाचलं. दुसरं वाक्य मागे घेतो. घरातून येतं ते घरापुरतं, हे तुमचं बरोबर आहे. पहिल्यावर मात्र ठाम आहे.

---

गणिताच्या_बाई

पहिल्यावर मीही तुमच्याच बाजूची आहे. त्या आईने नाइलाजाने घेतले असणार. म्हणून तर मला टक्केवारीच्या पुढचं यायला हवं होतं: परवाना नसलेल्या सावकाराविरुद्ध तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करता येते, बचत गटामार्फत बँकेचं कर्ज मिळू शकतं. मुलगा घरी जाऊन आईला एवढं सांगू शकला असता.

माथाड्याची_लेक, ताई, तुम्ही हे लिहिलंत. त्याबद्दल काय बोलू.

---

खारघर_टीचर

मी सीबीएसई शाळेत अर्थशास्त्र शिकवते. आमच्याकडे चित्र उलटं आहे. मुलांच्या घरात पैसा आहे, आणि अकरावीची मुलं वर्गात ऑप्शन ट्रेडिंगबद्दल, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर लावायच्या व्यवहारांबद्दल, बोलतात. वडिलांच्या डिमॅट खात्यावरून मोबाइलमध्ये करतात. 'आमचा एक मित्र आठवड्यात चाळीस हजार कमावतो' हे मी दर वर्षी ऐकते. तो मित्र नेहमी दुसऱ्या कॉलेजात असतो.

मी त्यांना सेबीचा, म्हणजे शेअरबाजाराच्या नियामकाचा, सप्टेंबर २०२४ मधला अहवाल दाखवला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. आकडा बघून वर्ग शांत झाला. पण मग एकाने हात वर केला, "मिस, मग उरलेले सात टक्के काय वेगळं करतात?" या प्रश्नाला तयार नसलेला शिक्षक तिथेच संपतो. मला उत्तर देता आलं ते केवळ माझ्या नवऱ्याने त्यात पैसे घालवले आहेत म्हणून. फळ्यावर मी एकाच महिन्याचा हिशेब मांडला: दलाली, कर, इतर शुल्कं, आणि समोर कोण बसलंय, तर मोठ्या संस्था आणि त्यांचे संगणक.

बाईंचं म्हणणं इथेही लागू पडतं. स्वतःच्या घरातलं मांडता आलं म्हणून ते पोहोचलं.

---

साधनव्यक्ती

मी प्रशिक्षण देणाऱ्यांच्या बाजूला अनेक वर्षं आहे, म्हणून आतली बाजू लिहितो.

शिक्षक-प्रशिक्षण बहुतेकदा पायऱ्यापायऱ्यांनी उतरतं. राज्यस्तरावर काही जण तयार होतात, ते जिल्ह्याला डाएटमध्ये, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, शिकवतात, तिथून तालुका किंवा महापालिका, तिथून आसपासच्या शाळांचं केंद्र, आणि शेवटी केंद्राच्या बैठकीत, शिक्षण परिषदेत, तासाभरात तुमच्यापर्यंत. वर पाच दिवस असलेलं खाली पाऊण तास होतं. आणि उतरताना सगळ्यात आधी काय गळतं, तर चर्चा आणि सराव. उरतो तो पडद्यावरचा मजकूर, कारण तो पेनड्राइव्हमध्ये बसतो. बाईंनी पाहिलं ते हेच.

थेट मार्गही आहे, आणि तो फार थोड्या शाळा वापरतात. एनसीएफई म्हणजे राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्र, ही रिझर्व्ह बँक, सेबी, आयआरडीएआय (विमा) आणि पीएफआरडीए (पेन्शन) या चार नियामकांनी मिळून उभी केलेली संस्था. तिचा कारभार सुरू झाला तो आपल्या वाशीतच, सेक्टर १७ च्या एनआयएसएम भवनात. सहावी ते दहावीच्या शिक्षकांसाठी त्यांचं प्रशिक्षण आहे, मोफत, आणि ते केल्यावर 'मनी स्मार्ट टीचर' म्हणून प्रमाणपत्र मिळतं. त्याच इयत्तांसाठी सीबीएसईसोबत तयार केलेल्या कार्यपुस्तिका आहेत. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी 'एनफ्लॅट' ही परीक्षाही ते घेतात. शाळेने स्वतःहून मागणी केली तर ही पायऱ्यांची गळती टळते. आणखी एक मोठा फायदा म्हणजे तिथे कुणी काही विकत नाही. शाळेत 'मोफत मार्गदर्शन' करतो म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला मुख्याध्यापकांनी पहिला प्रश्न हाच विचारावा: तुम्ही कुणाची उत्पादनं विकता?

याच संस्थेच्या २०१९ च्या सर्वेक्षणात देशातले २७ टक्केच प्रौढ आर्थिकदृष्ट्या साक्षर ठरले. शिक्षक त्याच प्रौढांमधून येतात. आपण मात्र प्रशिक्षण आखताना असं धरतो की शिक्षकाला हे येतंच, त्याला फक्त 'कसं शिकवायचं' ते सांगायचं. बाईंनी डब्याच्या वेळी जे पाहिलं ते इतकी वर्षं आमच्या नजरेतून सुटलं, हे मला कबूल करायला हवं.

माझ्या अनुभवात चाललेली रीत सांगतो. सलग दोन दिवस देऊ नयेत. दोन-दोन तासांच्या चार बैठका, मध्ये पंधरा दिवसांचं अंतर. पहिल्या बैठकीत शिक्षक स्वतःचं काहीतरी सोडवतो. मधल्या दिवसांत एकच तास वर्गात घेतो. दुसऱ्या बैठकीला येताना तो तास कुठे अडला ते घेऊन येतो, आणि त्या अडलेल्या जागेवरच बैठक चालते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासाचे सांगितले आहेत. त्यातले आठ तास यात गेले तर कुणाची हरकत नसावी.

---

नौपाडा_हिशेब

मी करसल्लागार आहे. शिक्षकांसाठी एक व्यवहाराची अडचण मांडतो: पुस्तक आणि बाजार यांत आता अंतर पडलं आहे. दहावीच्या पुस्तकात जीएसटीचे ५, १२, १८, २८ हे दर आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ हे टप्पे जवळजवळ संपले, मुख्य दर ५ आणि १८ राहिले, चैनीच्या आणि अपायकारक वस्तूंना ४०. पेन्सिल, खोडरबर, वह्या यांवर आता काहीच नाही. कंपासपेटी १२ वरून ५ वर आली. नववीतल्या आयकराचा तक्ता अडीच लाखांपासून सुरू होतो, आणि मुलांच्या घरी मात्र '१२ लाखांपर्यंत कर नाही' हे ऐकलेलं असतं. तेही अर्धवट, कारण ती नव्या करप्रणालीतली सवलत आहे.

परीक्षेत दर गणितातच दिलेला असतो, त्यामुळे मार्कांना धक्का नाही. पण शिक्षकाने मुलांना दुकानातलं बिल आणायला सांगून पुस्तकाशी ताडून बघितलं, तर 'दर सरकार ठरवतं आणि तो बदलतो' ही गोष्ट मुलांना आपोआप कळेल. बिल आणण्यात कुणाच्या घरची परिस्थितीही उघडी पडत नाही. टाकून दिलेलं बिल तर रस्त्यावरही पडलेलं मिळतं.

---

गणिताच्या_बाई

बिलाची कल्पना मी गेल्या आठवड्यातच वर्गात केली, तुमचा प्रतिसाद वाचल्यावर लगेच. मुलांनी औषधांच्या दुकानाची, किराण्याची, मोबाइल रिचार्जची बिलं आणली. एकीने विचारलं, "बाई, भाजीवाली बिल का देत नाही?" पुढचा अर्धा तास त्यावरच गेला, आणि तो वाया गेला असं मला वाटलं नाही.

अंदाजपत्रकाऐवजी आता मी फळ्यावर एक कल्पित कुटुंब मांडते. आई कारखान्यात पॅकिंगला, बाबा रिक्षा चालवतात, दोन मुलं, आजी. आकडे मुलांनीच सुचवायचे. कुणाचंही घर नाही, त्यामुळे प्रत्येकाला आपल्या घरातलं बोलता येतं. 'बाबा आजारी पडले तर?' असं मी विचारलं तेव्हा मागच्या बाकावरून उत्तर आलं, "मग आजीच्या पाटल्या." मी नुसतं फळ्यावर लिहिलं: पाटल्या. आणि मग सोनेतारण कर्ज, सावकार आणि भिशी यांचं व्याज आम्ही एकाच मापात, वर्षाच्या मापात, आणून बघितलं. मोबाइलच्या हप्त्याचंही. 'फक्त १० टक्के' असं सांगून पूर्ण मुद्दलावर आकारलेलं तीन वर्षांचं व्याज घटत्या मुद्दलावर मोजलं तर जवळजवळ १८ टक्के पडतं, हे मुलांनी हप्ता गुणून स्वतः काढलं. दोघांनी माझी चूक दाखवली.

---

घणसोलीचे_मास्तर

हे कल्पित कुटुंब मी उचलतो. आमच्याकडे बाबा नाक्यावर उभे राहतील आणि आठवड्याला चारच दिवस काम मिळेल.

---

वाचनमात्र

इतकी वर्षं फक्त वाचते, आज लिहिते. आमच्या शाळेत संचयिका, म्हणजे मुलांची बचत बँक, होती. मुलंच कॅशियर, मुलंच पासबुक भरणार, सर फक्त शेजारी उभे. पन्नास पैसे भरताना सही करायचे ते आठवतं. आमच्या सरांना त्याचं कुणी प्रशिक्षण दिलं होतं की नाही माहीत नाही, पण एकदा सव्वा रुपया कमी भरला तेव्हा त्यांनी कुणावर संशय न घेता आम्हाला तासभर बसवून तो शोधायला लावला. सापडला, बेरजेत चूक होती.

---

कोपरीकर

संचयिकेचं वाचून बरं वाटलं. आता दहा वर्षांवरील मुलांना स्वतःच्या सहीने बचत खातं उघडून चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सगळ्या बँकांना दिली आहे, मर्यादा बँकेने ठरवायच्या. म्हणजे सहावीच्या मुलाकडे खातं आणि कदाचित कार्डही असणार. माथाड्याची_लेक यांनी भावाबद्दल लिहिलं ते आता अकरावीपर्यंत थांबून चालणार नाही. १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक प्रत्येक वर्गात लावा, आणि पैसे गेले की पहिल्या तासाभरात फोन करायचा, लाजायचं नाही, हे शिक्षकाने स्वतःच्या तोंडून सांगावं.

---

गणिताच्या_बाई

इतक्या जणांनी मनापासून लिहिलंत, तर आता बोलणं पुरे, कामाला लागू या. मुख्याध्यापकांशी बोलले, त्यांनी होकार दिला. एनसीएफईकडे प्रशिक्षणाच्या मागणीचं पत्र शाळेकडून जाईल. तोपर्यंत आपलं आपण सुरू करू. साधनव्यक्ती सरांनी सांगितल्याप्रमाणे दोन तासांच्या चार बैठका, पंधरा दिवसांच्या अंतराने. पहिली या महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी दुपारी दोनला, आमच्या शाळेच्या गणितकक्षात. पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवते.

येताना प्रत्येकाने आपलं पगारपत्रक आणायचं, नाव झाकून आणलं तरी चालेल. कपातीच्या ओळीवरून सुरुवात करू: व्यवसाय कर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीतच ३०० का, इथून. ज्यांच्याकडे जुनी विमा पॉलिसी आहे त्यांनी तिचीही प्रत आणावी, परतावा कसा काढायचा ते मी दाखवते. योजना, फंड, पॉलिसी यांतलं काहीही तिथे कुणी सुचवायचं नाही, एवढा एकच नियम.

माथाड्याची_लेक, दुसऱ्या बैठकीला तुम्ही आलात आणि भावाचं सांगितलंत तर आम्हा शिक्षकांना फार उपयोग होईल. नाही जमलं, नको वाटलं, तरी पूर्ण समजते.

---

माथाड्याची_लेक

मी येते. भावालाही विचारलं. तो म्हणाला, शिक्षकांसमोर असेल तर तोच बोलेल.

---

घणसोलीचे_मास्तर

आमच्या शाळेतून तिघे. ट्रान्सहार्बरने येतो, दीडपर्यंत ठाण्याला उतरू. एकाचं पगारपत्रक जीपीएफचं, म्हणजे जुन्या पेन्शनवाल्यांच्या भविष्य निर्वाह निधीचं आहे, दोघांचं एनपीएसचं. दोन्ही सोबत आणतो.